दान आणि मान : नाना शंकरशेट यांचे चरित्र

संतांची चरित्रे गावी आणि ऐकावी, ही आपली परंपरा. जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना हे काही संत नव्हेत. ते प्रापंचिक होते, सावकार होते, सरकारदरबारी मानाच्या खुर्चीवर बसणारे होते. मग त्यांचे चरित्र ह्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगतो.

हल्ली दानाचा एक मोठा वाद उठला आहे, आणि तो आपल्या वारीच्या वाटेपर्यंत येऊन पोहोचला आहे. वाटेत कोणी पावसाळी कोट वाटतो, त्याच्या पाठीवर देणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेले असते. कोणी अन्नछत्र घालतो, त्या मांडवावर देणाऱ्याची तसबीर एवढी मोठी की आत पंगत बसली आहे की नाही ते दिसू नये! नट, खेळाडू, पुढारी, मोठमोठे कारखानदार दान करतात आणि बरोबर छायाचित्रकार आणतात. २०२० साली टाळेबंदी लागली, हातावर पोट असणाऱ्यांचे हाल झाले. त्या वेळी शिध्याची पिशवी देणारा आणि घेणारा अशी जोडीची छायाचित्रे घरोघर मोबाईलवर फिरली. त्यांत देणारा हसत होता आणि घेणारा मान खाली घालून उभा होता.

अशा वेळी लोकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, छायाचित्र काढले म्हणून काय बिघडले, भुकेल्याच्या पोटात अन्न तर गेले ना? दुसरा म्हणतो, हे दान नव्हे, ही जाहिरात. दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यात थोडेथोडे खरे असते. ह्या दोन्ही पक्षांच्या मंडळींनी नाना शंकरशेटांचे चरित्र जरा बारकाईने पाहावे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात त्यांच्याएवढे नावाजलेले दाते थोडेच होते. आणि बरं का मंडळी, ते आपल्याच मुलखातले. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाताना जे मुरबाड लागते, ते त्यांचे मूळ गाव.

दानावर नाव घालण्याची हौस आजची नव्हे, हे आधी सांगून ठेवतो. मुरबाडच्याही पुढे नाणेघाट आहे. तेथील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे. कोणत्या यज्ञात किती गाई दिल्या, किती घोडे दिले, किती हत्ती दिले, किती कार्षापण दिले, ह्याची त्यात यादीच आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे दाते म्हणून कोरलेली सापडतात. म्हणजे आपले कल्याण त्या काळीही दाते देत होते आणि ते दाते आपली नावे दगडावर घालून ठेवीत होते. त्या नावांमुळेच आज आपल्याला तो काळ कळतो, हेही विसरता येत नाही. नाव घातले एवढ्यावरून दान खोटे ठरवावयाचे तर लेणीच्या लेणी खोटी ठरतील.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, ते आपणा सर्वांस ठाऊक आहेत. परतफेडीची आशा न ठेवता, देश, काळ आणि पात्र पाहून, देणे हे कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर येऊन दिलेले ते राजस. आणि तुच्छतेने, अवमानाने, भलत्या ठिकाणी दिलेले ते तामस. पाठशाळेत हे श्लोक आम्ही पाठ केले, माउलींच्या ओव्यांतून त्यांचा अर्थही ऐकला. पण प्रपंचात पाहू जाता अडचण अशी येते की, हेतू हा मनात असतो आणि मन तर दिसत नाही. दिसते ते फक्त दान. मग दुसऱ्याचे दान सात्त्विक की राजस, हे आपण ठरवावयाचे कसे? ह्याची एक कसोटी नानांच्या चरित्रात सापडते. प्रथम चरित्र ऐकावे, कसोटी त्यातूनच निघेल.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाडला झाला. घराण्याचे मूळ आडनाव मुरकुटे, जात दैवज्ञ, पिढीजात व्यवसाय सोनारकीचा आणि जवाहिराचा. घराणे मुरबाडहून मुंबईस गेले आणि तेथे व्यापारात त्याची भरभराट झाली. वडील शंकरशेट हे मुंबईतील नामांकित सावकार. पुढे नानांच्या सचोटीची अशी ख्याती झाली की अरब, अफगाण व्यापारी आपली शिल्लक पेढीत न ठेवता त्यांच्या हवाली करीत, असे सांगतात. १८२२ साली वडील वारले. त्या वेळी नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. हाती अमाप संपत्ती आणि वर विचारणारा कोणी नाही. अशा वयात बहुतेकांचे पाऊल कोठे पडते ते सांगावयास नको. नानांचे पाऊल शाळेकडे पडले.

त्याच सुमारास मुंबईत एतद्देशीयांसाठी शाळा आणि शालेय पुस्तके काढणारी मंडळी उभी राहात होती. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तिच्या पाठीशी होते, सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्यासारखे विद्वान तिचे काम करीत होते. नाना तिचे आधारस्तंभ झाले. १८२७ साली एल्फिन्स्टन स्वदेशी निघाले, तेव्हा त्यांचे स्मारक करावे म्हणून वर्गणी जमली. ती दोन लाखांवर गेली. त्या काळचे दोन लाख! त्या पैशांतून अध्यापक नेमावयाचे ठरले, आणि त्यातूनच पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले.

येथे पहिली शंका उभी राहते. गव्हर्नराच्या नावाने वर्गणी काढणे हे विद्येचे प्रेम की साहेबाची खुशामत? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर दोन्ही गोष्टी त्यात मिसळल्या असतील. वर्गणीच्या यादीत आपले नाव वर यावे, साहेबाच्या नजरेस पडावे, असे वाटून पैसे देणारेही त्यात असणारच. नानांच्या मनात काय होते हे ह्या एका गोष्टीवरून कळत नाही. कारण ह्या दानात मानच मान होता. सरकार खूष, समाज खूष, वर्तमानपत्रे खूष. अशा ठिकाणी साधू आणि लबाड सारखेच दिसतात.

पुढे नानांचा मान वाढतच गेला. हिंदी माणसांना जस्टिस ऑफ द पीस नेमावयास सरकारने सुरुवात केली, तेव्हा पहिल्या तुकडीत नाना होते. १८४० साली सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन केले, त्यात तीन एतद्देशीय सभासद घेतले : फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि जगन्नाथ शंकरशेट. ह्या बोर्डावर नाना १८५६ पर्यंत होते. आणि येथेच त्यांची पहिली खरी परीक्षा झाली.

बोर्डाचे अध्यक्ष होते सर एर्स्किन पेरी. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे ते मुख्य न्यायमूर्ती झाले, म्हणजे केवढे वजन असेल पाहा. त्यांचे मत पडले की शिक्षणाचा पैसा इंग्रजी शिक्षणावर खर्च करावा, थोड्या वरच्या लोकांस चांगले शिकवावे. १८४७-४८ च्या सुमारास ह्यावरून बोर्डात मोठा वाद माजला. कर्नल जर्व्हिस आणि तिन्ही एतद्देशीय सभासद एका बाजूस, अध्यक्ष दुसऱ्या बाजूस. नानांनी लेखी मत दिले. सामान्य रयतेपर्यंत ज्ञान न्यावयाचे तर ते तिच्या मातृभाषेतूनच गेले पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. इंग्रजीला त्यांचा विरोध नव्हता, इंग्रजी शाळांना त्यांनी हातभारच लावला होता. पण मराठी मुलाने मराठीत शिकू नये हे त्यांस पटेना.

माउलींनी गीता मराठीत का आणली हे ज्यांस कळते, त्या वारकऱ्यांस ह्या वादाचे मर्म वेगळे सांगावयास नको. येथे नानांना मिळावयाचे काय होते? मुख्य न्यायमूर्तीची नाराजी, दुसरे काही नाही. हांजी हांजी केली असती तर बिघडत काहीच नव्हते. तरी ते अडून बसले.

दुसरी परीक्षा मुलींच्या शाळेची. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, ही गोष्ट सर्वांस माहीत आहे. मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिकलेल्या तरुणांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली होती, त्यांत दादाभाई नौरोजी होते. ह्या तरुणांनी १८४९ साली मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि ते स्वतः फुकट शिकवू लागले. पण शाळा भरवावयाची कोठे? मुलगी शिकली तर घर बुडेल असे मानणारा तो काळ. जागा कोण देणार? नानांनी गिरगावात आपल्या वाड्याच्या आवारात एका शाळेस जागा दिली, पुढे तिला पैशाचेही पाठबळ दिले.

जातीत कुजबुज झाली, सनातनी मंडळींनी नाके मुरडली. नाना स्वतः देवधर्म पाळणारे, आपल्या जातीचे पुढारी. त्यांचा मान ज्या लोकांच्या जिवावर, त्याच लोकांस हे रुचत नव्हते. सभेत रक्कम जाहीर केली म्हणजे टाळ्या मिळतात. मुलींच्या शाळेला ओसरी दिली म्हणजे त्या काळी टोमणे मिळत.

आता एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. नानांनी वाड्यातली जागा दिली, पण त्यांच्या अंगावर कोणी शेण टाकले नाही. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि खडे पडले, आणि त्यांच्याजवळ तर वाडाही नव्हता. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता त्या माउलीने देह ठेवला. श्रीमंताने दिलेले दान आणि गरिबाने दिलेला देह हे एका तराजूत घालू नयेत. नानांचा मोठेपणा सांगताना हे भान सुटता कामा नये.

तिसरी गोष्ट आगगाडीची. ही गोष्ट मी मुद्दाम जरा विस्ताराने सांगतो, कारण आपण कल्याणकर आगगाडीवर जगणारे लोक. नानांनी आगगाडी दान दिली, अशा थाटात काही लोक भाषणे करतात. तसे नव्हे. १८४५ साली मुंबईत रेल्वेसाठी जी मंडळी स्थापन झाली, तीत सर जमशेटजी जिजीभाई आणि नाना पुढाकार घेणारे होते. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी निघाली, तिच्या हिंदी संचालकांत नाना होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी धावली. चौदा डबे, तीन इंजिने आणि सुमारे चारशे पाहुणे. १ मे १८५४ रोजी गाडी खाडी ओलांडून आपल्या कल्याणास आली.

पण हे दान नव्हते, हा व्यापार होता. १८४९ च्या करारात सरकारने कंपनीच्या भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी दिली होती. नफा कमी पडला तर ती तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरावयाची, म्हणजे शेवटी शेतकऱ्याच्या खिशातून. ह्या व्यवस्थेवर पुढे दादाभाईंसारख्यांनी कडक टीका केली. शिवाय रेल्वे बांधण्यात सरकारची नजर होती ती कापसावर आणि लष्करावर. बोरघाटाचे काम १८५६ ते १८६३ पर्यंत चालले. त्यात पटकीने, तापाने, दरडींनी आणि सुरुंगांनी हजारो मजूर मेले. त्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत.

तरीही पाहा काय झाले. हिंदी लोक गाडीत बसतील की नाही अशी साहेबांस शंका होती. प्रत्यक्षात तिसऱ्या वर्गाचे डबे खचाखच भरले, आणि त्यांत यात्रेकरू किती! घाटमार्ग खुला झाल्यावर कल्याणहून थेट सोलापूरच्या वाटेला लागता येऊ लागले. १९०६ साली बार्शी लाईट रेल्वे कुर्डुवाडीहून पंढरीपर्यंत पोहोचली. आमची वारी पायीच, ती पायीच व्हावयाची. पण परतीच्या वाटेला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना, कार्तिकीस जाणाऱ्या कोकणातल्या गरिबांना गाडीने पंढरी जवळ आणली. कापसासाठी टाकलेल्या रुळांवरून टाळमृदंग गेले! हेतू एक, फळ दुसरे. म्हणून हेतू आणि परिणाम ह्यांची खाती वेगळी मांडावी लागतात. सावकाराच्या वहीत दोन असाम्यांचा हिशोब एका पानावर घालीत नाहीत, तसे.

आणखी एक गंमत म्हणा किंवा खंत म्हणा. ज्यांनी मुंबई-ठाण्याच्या गाडीसाठी खटपट केली, त्यांच्या जन्मगावी, मुरबाडला, अजून आगगाडी धावत नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी कित्येक वर्षांची आहे. मोठ्या माणसाचे मोठे काम नेहमी मोठ्या शहरात होते. मागे राहिलेल्या गावाचे काय, हा प्रश्न तेव्हाही होता, आजच्या दात्यांनाही तो विचारावा लागतो.

आता चौथी परीक्षा, आणि ही सर्वांत कठीण. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. हिंदी लोकांची गाऱ्हाणी थेट पार्लमेंटकडे मांडणारी ही इलाख्यातली पहिली संस्था. नाना तिचे अध्यक्ष झाले. तिने पार्लमेंटास अर्ज धाडला, कारभारातले दोष दाखविले. सरकारची इतराजी होईल ह्या भयाने काही धनिक हळूच मागे सरले. नाना राहिले. पुढे १८५७ चा उठाव झाला. उत्तरेकडे रणे माजली आणि मुंबईत संशयाचे वारे सुटले. बंडवाल्यांशी संधान असल्याचा आळ खुद्द नानांवर आला. ज्या सरकारदरबारात त्यांनी तीस वर्षे मान मिळविला, त्याच दरबारात त्यांची गुप्त चौकशी झाली. आळ खोटा ठरला आणि ते निर्दोष सुटले. पण ते दिवस त्यांनी कसे काढले असतील ह्याचा विचार करावा.

ह्या प्रसंगानंतर दुसरा कोणी असता तर त्याने सार्वजनिक कामातून अंग काढून घेतले असते. नाना घरी बसले नाहीत. १८५७ सालीच मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे ते फेलो होते. डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. बर्डवूड यांच्याबरोबर राणीच्या बागेच्या आणि वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत ते राबले. १८६२ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात ते नेमले गेले. सोनापूरची स्मशानभूमी शिवडीकडे हलविण्याचा सरकारचा बेत होता, त्याला त्यांनी ठाम विरोध केला. श्रीमंताचे प्रेत कोठेही नेता येते. गिरगावातल्या गरिबाने खांद्यावर तिरडी घेऊन किती मैल चालावे? मेलेल्या माणसासाठी केलेल्या कामाची परतफेड तो मेलेला करू शकत नाही, एवढे तरी खरे.

ह्याच काळात मुंबईत दानाचा दुसराही नमुना दिसला, तो शेजारी ठेवून पाहावा. १८६१ पासून अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेअरांचा सट्टा माजला. प्रेमचंद रायचंद हे त्या सट्ट्याचे राजे. त्यांनी १८६४ साली विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्यास आपल्या आईचे नाव दिले, तोच राजाबाई टॉवर. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, बँका बुडाल्या, अनेकांची घरे धुळीस मिळाली. प्रेमचंदही बुडाले. मनोरा मात्र उभा राहिला आणि आजही उभा आहे. तेथल्या ग्रंथालयात शिकून कित्येक गरिबांची मुले वर आली.

सर जमशेटजी जिजीभाईंचेही तसेच. इस्पितळे, धर्मशाळा, पाण्याच्या सोयी, किती म्हणून सांगाव्या! पण त्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा होता. एका देशात लोकांस व्यसन लागले आणि दुसऱ्या देशात रोग्यांस औषध मिळाले. आता सांगा, हे दान कोणत्या कप्प्यात घालावे? इस्पितळातल्या रोग्याने औषध नाकारावे असे मी म्हणणार नाही. पण देणाऱ्याचे गुणगान करताना अफूचे नाव गिळून टाकावे, असेही म्हणणार नाही.

नानांच्या दानावरही एक आक्षेप शिल्लक राहतो, आणि तो खोटा नाही. त्यांच्या शाळांचा, कॉलेजांचा लाभ बहुतांशी शहरातल्या वरच्या वर्गांस झाला. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच गाऱ्हाणे मांडले की, पैसा रयतेचा आणि विद्या वरच्यांची. विद्या वरून झिरपत खाली येईल म्हणावे, तर ती वरच मुरली. नानांनी मातृभाषेची बाजू घेतली हे खरे, पण कुणब्याच्या, ठाकराच्या, कातकऱ्याच्या झोपडीपर्यंत पाटी पोहोचली नाही. मुरबाडच्या रानातल्या लोकांनी वाट पाहिली ती पुढे शंभर वर्षे. ह्यात एकट्या नानांचा दोष काढू नये, पण त्यांच्या मोठेपणाने हे झाकूही नये.

३१ जुलै १८६५ रोजी नानांनी देह ठेवला. ज्या महिन्याच्या आरंभी मुंबईचा सट्टा कोसळला, त्याच महिन्याच्या अखेरीस. त्यांचा संगमरवरी पुतळा टाऊन हॉलात एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत आहे. गिरगावच्या अंगाला त्यांच्या नावाचा नाना चौक आहे. तेथून रोज हजारो माणसे जातात, पण हे नाना कोण, असे विचारले तर बहुतेक जण खांदे उडवतील. पुतळ्याने माणूस लक्षात राहतो हा एक भ्रमच म्हणावा.

त्यांचे नाव खरे जिवंत राहिले ते दुसरीकडेच. त्यांच्या पश्चात चिरंजीव विनायकरावांनी विद्यापीठाकडे देणगी देऊन वडिलांच्या नावे संस्कृतची शिष्यवृत्ती ठेविली. मॅट्रिकला संस्कृतात जो पहिला येईल त्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. मंडळी, आमच्या पाठशाळेच्या जगात ह्या शिष्यवृत्तीचे नाव केवढ्या आदराने घेत! रुपये किती मिळतात हे कोणी विचारीत नसे. शंकरशेट स्कॉलर म्हटले की पुढचे बोलणे संपले. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. तेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले, आणि कालिदासाचे मेघदूत मराठीत आणण्याइतके संस्कृत त्यांनी जन्मभर जपले. सोनाराच्या घराण्यातल्या माणसाच्या नावाने संस्कृतचे मोठमोठे पंडित ओळखले जावेत, ही गोष्ट मला पुतळ्यापेक्षा मोठी वाटते. नावही राहिले आणि नावामुळे घेणाऱ्याची मान खाली गेली नाही, उलट उंच झाली.

आता ती कसोटी सांगतो. सोने पिवळे दिसते म्हणून सोनार ते विकत घेत नाही, तो ते कसाला लावतो. दानाचा कस मानावर लागतो. ज्या दानाने मान मिळतो, त्यावरून दात्याचे मन कळत नाही, त्याला बरे म्हणू नये आणि वाईटही म्हणू नये. ज्या कामाने मान जाण्याची भीती आहे, तेथे तो टिकतो का हे पाहावे. नाना पेरीसाहेबापुढे टिकले, मुलींच्या शाळेपायी टिकले, बॉम्बे असोसिएशनात टिकले, आळ आल्यावरही टिकले. म्हणून टाळ्यांच्या प्रसंगी त्यांनी जे दिले, तेही खोटे नसावे असे आपण मानतो. शेवटचा निवाडा करणारे आपण नव्हे, तो कमरेवर हात ठेवून उभा आहे.

आणि घेणाऱ्याने काय करावे? वारीत कोणी नाव छापलेला कोट दिला तर पावसात भिजत राहू नये, घ्यावा. अन्न ब्रह्म आहे, ते कोणाच्याही मांडवात ब्रह्मच आहे. देणाऱ्याला मनातली लबाडी चिकटली तर ती त्याच्या पदरी, आपल्या पदरी भाकरी. पण घेतले म्हणून विकले जाऊ नये. कोट घेतला म्हणून मत देणे लागत नाही, पंगतीत जेवलो म्हणून खोट्याला खरे म्हणणे लागत नाही. आणि फडावर, सभेत, मंडळात विचारण्याचा अधिकार सोडू नये. हा पैसा कोठून आला? हे दान पुढच्या वर्षी, छायाचित्रकार नसताना, चालू राहील का? आणि ज्याला दिले त्याची मान वर झाली की खाली? एवढे विचारले तरी देणारा सावध होतो.

आपल्यातले जे देणारे आहेत, आणि प्रत्येक वारकरी थोडाबहुत देणारा असतोच, त्यांनीही हे स्वतःस विचारावे. दिंडीला पन्नास किलो तांदूळ देऊन पत्रिकेत नाव कोठे छापले हे आधी पाहणारे आपल्यातही आहेत. त्यांना हसू नये. तांदूळ शिजतो, पंगत जेवते, हे खरेच आहे. पण पुढच्या खेपेस नाव न छापता तेवढेच तांदूळ देऊन पाहावे, आणि देताना हात जड होतो का, हे ज्याचे त्याने तपासावे. आषाढीची तयारी सुरू झाली की अशी संधी दर वर्षी येते.

राम कृष्ण हरि.